अ‍ॅपवर थाळी विकायची? आधी हिशोब मांडा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. "आपली झुणका-भाकर झोमॅटो, स्विगीवर टाकायची का?" शहराजवळच्या गटांना ही संधी चांगली आहे. पण नाव नोंदवण्याआधी वही-पेन घेऊन बसा.

समजा, थाळी 100 रुपयांची आहे. किराणा, गॅस आणि मजुरी मिळून 60 रुपये, डबा-पिशवीचे 8. अ‍ॅपचं कमिशन करारात ठरतं. ते 25 टक्के धरलं तर 25 रुपये गेले, आणि कमिशनवर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी साडेचार. हातात उरले फक्त अडीच रुपये! त्यात गटाने स्वतःकडून 10 रुपयांची सूट दिली, तर प्रत्येक थाळीमागे साडेचार रुपये पदरचे जातात. ऑर्डर वाढतील तसा तोटाही वाढेल. म्हणून करार नीट वाचून घ्या, सूट कोण सोसणार ते विचारा, मगच भाव ठरवा.

दुसरी गोष्ट, अ‍ॅपवरच्या गिऱ्हाइकाचा नंबर सहसा आपल्याला मिळत नाही. कायमचं गिऱ्हाईक आपणच जोडावं लागतं. त्यासाठी गटाच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, ते फुकट आहे. कॅटलॉगमध्ये पदार्थांचे फोटो आणि भाव टाका. फोटो आपल्याच पदार्थाचा हवा, दिवसाच्या उजेडात काढलेला. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून डबा देतानाच सांगा, "दादा, नंबर सेव्ह करून ठेवा." रोज दहा निरोप नकोत. सकाळी एकदा मेनू आणि ऑर्डर द्यायची शेवटची वेळ कळवली की झालं.

कुणी लिहिलं, "भाजी खारट होती," तर वाद घालू नका. "चूक झाली ताई, उद्या लक्ष देतो," असं त्याच दिवशी उत्तर द्या. ते उत्तर बाकीची गिऱ्हाइकंही वाचतात.

आणि हो, एफएसएसएआय नोंदणी आधी करा. घरून डबे विकायलाही ती लागते, अ‍ॅपवाले तर पहिल्यांदा तोच 14 आकडी नंबर मागतात.

येत्या बैठकीत आपल्या एका पदार्थाचा असा हिशोब फळ्यावर मांडून बघा. परवडत असेल तर खुशाल अ‍ॅपवर जा. नसेल, तर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक जोडा.