जुन्या पिकअपच्या तारा

आमच्या शाळेच्या आवारांतील जुना पिकअप बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. वसतिगृहाचें धान्य, प्रयोगशाळेचें सामान, क्वचित् प्रसंगीं आजारी मुलगा, असें सर्व कांहीं त्यानें वाहिलें आहे. गेल्या वर्षीं त्याची चावी निकामी झाली. तेव्हां एका मिस्त्रीनें युक्ति दाखविली: बॉनेट उघडून सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर पेचकस टेकवावा, कीं इंजिन फिरूं लागतें. ही युक्ति कांहीं आठवडे चालली व आम्हींहि तिचें कौतुक केलें. एके दिवशीं गाडी गिअरमध्यें राहिली होती. पेचकस टेकतांच ती उसळून पुढें गेली व भिंतीवर आदळली. पेचकस धरणारा बाजूस उभा होता म्हणून वांचला. घटकेपूर्वीं त्याच भिंतीपाशीं सहावीचीं मुलें उभीं होतीं!

पुढील सुटींत वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी बरोबर घेऊन, एका अनुभवी वायरमनच्या देखरेखीखालीं, आम्ही सर्व तारा नव्यानें घातल्या. त्या कामांत जें शिकलों तें येथें सांगतों.

पेट्रोलचें इंजिन सुरू होण्यास दोन गोष्टी लागतात. एक, तें बाहेरून फिरविणें; दुसरी, योग्य क्षणीं ठिणगी पाडणें. पूर्वीं इंजिन हँडलानें फिरवीत. तें उलट झटका देई व फिरविणाऱ्याचा हात मोडे. १९११ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला, व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो आला. यालाच आपल्याकडे ‘सेल्फ’ म्हणतात.

सेल्फची भूक फार मोठी. हेडलाइटच्या एका दिव्यास चार-पांच अँपिअर पुरतात. १२ व्होल्टच्या बॅटरींतून सेल्फ १५० ते २०० अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह चावींतून नेला तर चावी जळून जाईल. म्हणून मध्यें सोलेनॉइड असतो. चावी फिरविली कीं बारीक तारेनें थोडासा प्रवाह त्याच्या वेटोळ्यांत जातो, तें चुंबक बनतें, लोखंडी दांडा ओढला जातो आणि जाड तारांचीं टोकें जोडलीं जातात. लहान प्रवाहानें मोठ्यास आज्ञा करावी, अशी ही योजना आहे. चावी फिरविणारा आसनावर बसलेला असतो. क्लच व ब्रेक त्याच्या पायांखालीं असतात. पेचकस धरणाऱ्याजवळ यांपैकीं कांहींच नसतें.

ठिणगीचा मार्ग वेगळा. बॅटरीचा प्रवाह चावींतून कॉइलमध्यें व तेथून डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांकडे जातो. पॉइंट उघडतांच कॉइलमधील चुंबकत्व एकाएकीं मावळतें आणि तिच्या हजारों वेढ्यांच्या बारीक तारेंत हजारों व्होल्ट उत्पन्न होतात. डिस्ट्रिब्युटर तो दाब पाळीपाळीनें प्रत्येक प्लगकडे पाठवितो. पॉइंटांवर ठिणगी माजूं नये म्हणून शेजारीं कंडेन्सर असतो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर हें सर्व सेकंदास १०० वेळां घडतें.

आतां कामाविषयीं. प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडावी. ती शेवटींच जोडावी. जुनी तार काढण्यापूर्वीं तिला चिठ्ठी बांधावी व कागदावर नकाशा काढावा. सेल्फची तार जाड व शक्य तितकी आंखूड असावी. चावीकडे जाणाऱ्या बारीक तारेस बॅटरीजवळच फ्यूज घालावा. पत्र्यांतून तार जाते तेथें रबरी कडें बसवावें. नाहीं तर पत्र्याची धार हळूहळू आवरण कापते व आग लागते.

अर्थची तार मात्र सर्वांत उपेक्षित. आमच्या गाडींत इंजिनापासून चॅसिसकडे जाणारी पट्टी तुटली होती. चोकची तार कां तापते, हें कोणासच कळेना. सेल्फचा प्रवाह परतीची वाट न मिळाल्यामुळें तिच्यांतून जात होता! ओहमचा नियम वर्गांत पाठ केलेल्या मुलांनीं येथें हिशेब केला. जोडांत केवळ ०.०१ ओहमचा रोध असला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट वाटेंतच हरपतात आणि ४०० वॉटची उष्णता त्या जोडांत निर्माण होते. म्हणून गंज व रंग खरवडून, धातु चकाकेपर्यंत घांसून मगच बोल्ट आवळावा.

चवथ्या दिवशीं गिअर न्यूट्रलमध्यें आहे हें पाहून, हातब्रेक ओढून, आम्हीं चावी फिरविली. इंजिन पहिल्याच खेपेस सुरू झालें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. आमची दृष्टि मात्र त्या भिंतीकडे गेली.

विद्यार्थिमित्रांनो, ‘चालतें ना, मग झालें’ हें वाक्य आपण घरोघरीं ऐकतों. तो पेचकसहि चालत होता. पालकांनींहि आपल्या घरांतील फ्यूज व उघडे जोड एकदां पाहावेत, अशी विनंति आहे. बॉनेटखालचें काम सहसा कोणी पाहत नाहीं. पण देव पाहतो, आणि एखाद्या दिवशीं त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. मुलें त्या दिवशीं वांचलीं ती त्याची कृपा. तिच्या भरंवशावर काम अर्धवट ठेवण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाहीं.