मनोविकार आणि औषधे, लेखांक ६ : पहिला पंधरवडा

चिंताविकाराचे निदान झाले, डॉक्टरांनी एस्सिटालोप्रामची किंवा सर्ट्रालिनची गोळी लिहून दिली, आणि आता आराम पडेल या अपेक्षेने ती घेऊ लागलेल्या रुग्णाला चौथ्या दिवशी पूर्वीपेक्षाही अधिक अस्वस्थ वाटू लागले, म्हणजे ‘हे औषध तुला मानवत नाही, उष्ण पडलेले दिसते’ असा फैसला देऊन घरातील वडीलधारी मंडळी मोकळी होतात. पुष्कळ उपचार मोडतात ते येथेच. या औषधांचा स्वभावच असा, की त्यांचा उपद्रव आधी आणि उपकार मागाहून. आणि ही गोष्ट पहिल्याच भेटीत रुग्णाला स्पष्टपणे न सांगणे ही, माझ्या मते, वैद्यकाची अक्षम्य कसूर होय.

गोळी मनासाठी असता पोट का बिघडावे, अशी शंका साहजिक आहे. ज्या सिरोटोनिनवर ही औषधे कार्य करतात त्याचा सुमारे ९० टक्के साठा मेंदूत नसून पचनमार्गात असतो. इटालियन शास्त्रज्ञ विटोरिओ एर्स्पामेर यांना १९३० नंतरच्या दशकात हे द्रव्य प्रथम गवसले तेही तेथीलच पेशींत. म्हणून मळमळ, पातळ शौच आणि अन्नावरची वासना उडणे हे प्रकार आरंभी होतात व बहुधा एकदोन आठवड्यांत ओसरतात. मेंदूत मात्र गोळीचा अंमल पहिल्या दिवसापासून सुरू होऊनही, तेथील पेशींची स्वतःची नियंत्रणव्यवस्था हळूहळू बदलावी लागते असे मानले जाते, आणि गुण दिसू लागण्यास दोन ते सहा आठवड्यांची मुदत जाते.

या मधल्या काळातील खरी अडचण अशी, की चिंताग्रस्त मनुष्य स्वतःच्या देहाचा अतिदक्ष पहारेकरी असतो. इतरांना जी किंचित थरथर जाणवलीही नसती, ती त्याला हृदयविकाराची वर्दी वाटते. रात्री अडीच वाजता उठून, कोविडच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून काढून तो बोटाला लावतो, आकडा ९८ येतो, आणि यंत्रच बिघडले असावे अशा संशयाने दुसरे बोट पुढे करतो. औषधाने वाढलेली धडधड आणि त्या धडधडीची भीती यांचा जमाखर्च निरनिराळा मांडता आला, तर निम्मा भार तेथेच उतरतो. त्यासाठी एका वहीत तारीख, गोळीची वेळ आणि त्रास एवढेच टिपून ठेवावे.

याच कारणास्तव जाणते डॉक्टर एस्सिटालोप्राम पाच मिलिग्रॅमपासून किंवा सर्ट्रालिन पंचवीसपासून सुरू करून मात्रा सावकाश वाढवितात. गोळी जेवणानंतर घ्यावी. झोप उडत असल्यास ती सकाळी आणि गुंगी येत असल्यास रात्री घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. चहाकॉफी बेताने घ्यावी. आरंभीच्या अस्वस्थतेसाठी काही वेळा क्लोनाझेपाम थोड्या दिवसांपुरते जोडले जाते. त्याची मात्र सवय लागते, तेव्हा जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून ते परत परत आणू नये.

काही लक्षणांची वाट पाहू नये. एका जागी बसवू न देणारी तगमग, झोपेवाचूनही ओसंडणारा उत्साह, ताप-थरथर-भ्रम यांचा एकत्र उद्भव (विशेषतः वेदनेसाठी ट्रामाडोल चालू असल्यास), किंवा जीव देण्याचे विचार, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि जीवाला धोका वाटल्यास थेट रुग्णालयात जावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या विचारांविषयीचा ठळक इशारा २००४ साली मुलांसाठी दिला व २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढविला; तेव्हा घरात कॉलेजात जाणारा रुग्ण असेल तर पहिले काही आठवडे त्याला एकटे पडू देऊ नये. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते.

राहता राहिली ती एक तक्रार, जी आपल्याकडे दाखलच होत नाही. कामेच्छा मंदावणे किंवा समागमात तृप्ती लांबणे हा त्रास मळमळीप्रमाणे पंधरवड्यात जाईलच असे नाही. पण तपासणीच्या खोलीत शेजारी सासूबाई किंवा थोरले बंधू बसलेले असता तो सांगणार कोण? मग रुग्ण मुकाट्याने गोळी टाकून देतो. मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे उपाय डॉक्टरांपाशी असतात. त्याकरिता ‘दोन मिनिटे एकट्याने बोलायचे आहे’ एवढे म्हणणे पुरे. गोळी एकाएकी सोडल्यास काय होते, ते पुढील लेखांकी.