पॅरिसचा बोळ, पुण्याचा चौक

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात शिरताना अंग जरा चोरूनच जावं लागतं. रस्त्यावरून बोळ, बोळातून दिंडी दरवाजा, दरवाजातून अंधारी देवडी आणि मग एकदम डोक्यावर आभाळ. तो चौक. भोवती ओसरी, मधे तुळशीवृंदावन, पायाखाली काळ्या दगडाची फरसबंदी. अंधारातून उजेडात येण्याचा हा क्षण वाडा बांधणाऱ्याने विचार करून राखलेला असतो.

पॅरिसमध्येही असाच एक बोळ होता. ३५, रू द सेव्र या पत्त्यावर जेझुइट पाद्र्यांचा जुना मठ होता. त्यातल्या एका लांबट, चिंचोळ्या मार्गिकेत वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचं ऑफिस होतं. कॉर्बुझिए मूळचे फ्रान्सचे नव्हेत. १८८७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या घड्याळं बनवणाऱ्यांच्या गावात त्यांचा जन्म झाला. पुढे ते पॅरिसला आले आणि १९३० मध्ये फ्रान्सचे नागरिक झाले. त्यांच्याकडे वास्तुकलेची पदवी नव्हती आणि त्यांनी कुठलं कॉलेजही काढलं नाही. पण देशोदेशीची मुलं त्या मार्गिकेतल्या टेबलांवर बसून शिकली, आणि तिथून निघालेली विद्येची एक वाट पुण्यापर्यंत आली.

१९५१ मध्ये कॉर्बुझिए यांच्या ऑफिसात दाखल झालेल्या बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ चा, पुण्यातलाच. फर्निचरचा व्यवसाय असलेलं त्यांचं एकत्र कुटुंब होतं. माणसं वाढली की घरही वाढायचं, एखादी खोली चढायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते लंडनला गेले आणि तिथून पॅरिसला. फ्रेंच जेमतेम, पहिले काही महिने पगारही नाही, तरी त्यांनी टेबल सोडलं नाही.

त्याच काळात त्या ऑफिसात रोंशां इथल्या चर्चचं काम चाललं होतं. फ्रान्सच्या पूर्वेकडच्या एका टेकडीवरचं जुनं चर्च दुसऱ्या महायुद्धात पडलं होतं. त्या जागी १९५५ मध्ये नवं उभं राहिलं. त्याची दक्षिणेकडची भिंत किल्ल्याच्या तटासारखी जाड आहे. तिच्यात लहानमोठे झरोके असे कोरले आहेत की उजेड रंगीत काचांतून पसरत आत येतो. छत काँक्रीटचं, वजनदार. ते भिंतींवर टेकलेलं वाटतं, पण दोहोंमध्ये वीतभरही नाही अशी फट ठेवली आहे. छताचा भार भिंतीत लपवलेले खांब पेलतात. आत बसलेल्या माणसाला त्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसते आणि एवढं जड छत अधांतरी तरंगल्यासारखं भासतं. देवडी ओलांडून चौकात आलेल्या पुणेकराला या रेघेचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर लियों शहराजवळ ला तुरेत हा मठ १९६० मध्ये पूर्ण झाला. डोमिनिकन पंथाच्या तरुण साधूंनी तिथे राहून अध्ययन करायचं होतं. म्हणून चर्च, ग्रंथालय, वर्गखोल्या आणि विद्यार्थ्यांच्या एकेकट्याच्या खोल्या एका चौकाभोवती रचल्या गेल्या. प्रार्थना आणि शिक्षण एकाच छताखाली आलं.

फिर्मिनी या खाणगावातल्या सें पिएर चर्चचं नशीब मात्र वेगळं निघालं. त्याच्या आराखड्यावर कॉर्बुझिए यांच्यासोबत होजे उब्रेरी हा फ्रेंच तरुण काम करत होता. १९६५ मध्ये गुरू गेले, तेव्हा चर्च कागदावरच होतं. पुढे बांधकाम सुरू झालं, पण पैशाअभावी ते अर्ध्यावर थांबलं आणि कित्येक वर्षं काँक्रीटचा तळ नुसता उघड्यावर पडून राहिला.

मधल्या काळात उब्रेरी अमेरिकेत गेले. केंटकी विद्यापीठात ते वास्तुकला महाविद्यालयाचे डीन झाले आणि नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरात त्यांनी बांधलेलं मिलर हाउस १९९२ मध्ये पूर्ण झालं. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाचं हे घर आत जणू तीन स्वतंत्र घरांत वाटलेलं आहे. फिर्मिनीचं काम मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही. २००६ मध्ये, गुरूंच्या निधनानंतर ४१ वर्षांनी, उब्रेरी यांनी ते पुरं केलं. चौकोनी तळावरून निमुळतं होत जाणारं हे चर्च सुमारे ३३ मीटर उंच आहे. त्याच्या पूर्वेच्या भिंतीत बारीक गोल छिद्रं आहेत, मृग नक्षत्राच्या ताऱ्यांसारखी मांडलेली. सकाळी ऊन आलं की अंधाऱ्या भिंतीत नक्षत्र उगवतं. फ्रान्समध्ये नवी उपासनेची जागा बांधायला सरकारी पैसा सहसा खर्च करता येत नाही. त्यामुळे खालचे मजले प्रदर्शनासाठी ठेवले गेले आणि वरची जागा प्रार्थनेसाठी.

एक फ्रेंच माणूस ओहायोत जाऊन शिकवत होता आणि ओहायोत जन्मलेला एक माणूस पुण्यात येऊन.

ख्रिस्तोफर बेनिंजर यांचा जन्म १९४२ चा, ओहायोतल्या हॅमिल्टनचा. शाळकरी वयात नाताळची भेट म्हणून फ्रँक लॉइड राइट यांचं घरांविषयीचं पुस्तक हाती आलं आणि त्यांनी आर्किटेक्ट व्हायचं ठरवलं. हार्वर्डमध्ये त्यांना जोसेप लुईस सर्ट हे गुरू लाभले. सर्ट स्वतः बार्सिलोनाचे, आपला देश सोडून अमेरिकेत आलेले, आणि तरुणपणी कॉर्बुझिए यांच्या त्याच पॅरिसच्या ऑफिसात काम केलेले. म्हणजे बेनिंजर यांचे गुरू आणि पुढे त्यांना भारतात बोलावणारे दोशी, दोघेही एकाच शाखेचे.

दोशींनी अहमदाबादमध्ये १९६२ साली वास्तुकलेची शाळा सुरू केली होती. तिथे नगररचनेची शाळा उभारायचं ठरलं, तेव्हा बेनिंजर हार्वर्डमधली नोकरी सोडून १९७१ मध्ये भारतात आले. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी पुण्याला बिऱ्हाड हलवलं. अनिता गोखले-बेनिंजर यांच्यासह त्यांनी ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड अॅक्टिव्हिटीज’, म्हणजे सीडीएसए, ही संस्था काढली. पुण्यात जन्मलेले दोशी पॅरिसहून अहमदाबादला स्थिरावले आणि तिथून त्यांचा हा सहकारी पुण्याला आला. फिरून वाट जिथून निघाली तिथेच पोचली.

संस्थेत शिकवलं जाई ते गावांचं, जिल्ह्यांचं, गरिबांच्या घरांचं नियोजन. बेनिंजर यांनी सत्तरच्या दशकात मद्रासमध्ये जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या घरबांधणीवर काम केलं होतं. त्यातली कल्पना साधी होती. गरीब कुटुंबाला पूर्ण घर बांधून देणं सरकारला परवडत नाही आणि झोपडी पाडून प्रश्न सुटत नाही. म्हणून आखलेला भूखंड, नळ, गटार आणि रस्ता एवढं द्यायचं. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे हळूहळू वाढवायचं. दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हीच दिशा धरली आणि तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. खोली चढवत वाढणारं पुण्यातलं ते एकत्र कुटुंबाचं घर इथे हजारो कुटुंबांच्या उपयोगी आलं.

सीडीएसएची वास्तू बावधनच्या बाजूला टेकडीच्या उतारावर आहे. काळ्या दगडाच्या भिंती, कौलारू उतरती छपरं, मधून मोकळे चौक. तीच भाषा १९९७ मध्ये मुळशी तालुक्यात सुरू झालेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये मोठ्या प्रमाणावर आली. डोंगराच्या माथ्यावर, जगभरातून आलेल्या मुलांसाठी, बेनिंजर यांनी एक अवाढव्य इमारत उभी केली नाही. त्यांनी एक लहानसं गावच वसवलं. एका भिंतीवरून दुसरी भिंत तिरकी निघते, त्यांच्या मधे अंगण तयार होतं, अंगणातून पायऱ्या उतरतात आणि अचानक दरी समोर येते. भिंतींचा दगड सह्याद्रीचाच, त्यामुळे पावसाळ्यात त्या डोंगराच्या रंगात मिसळून जातात. २००० साली अमेरिकेतल्या ‘बिझनेस वीक’ आणि ‘आर्किटेक्चरल रेकॉर्ड’ यांच्या पुरस्काराने या कामाचा गौरव झाला.

पुढे हडपसरला सुझलॉनचं ‘वन अर्थ’ संकुल झालं. तिथेही बुटक्या इमारती मोकळ्या चौकांभोवती बसवल्या आहेत, कामाच्या टेबलापर्यंत दिवसाचा उजेड यावा म्हणून. भूतानची राजधानी थिंफूचा विकास आराखडा आणि तिथलं सर्वोच्च न्यायालय ही कामंही पुण्यात बसून झाली. वास्तुकला शिकणाऱ्यांसाठी त्यांनी ‘लेटर्स टू अ यंग आर्किटेक्ट’ हे पुस्तक लिहिलं, २०११ मध्ये. पुस्तकाला पत्रांचंच नाव द्यावंसं वाटावं, इतकं विद्यार्थ्यांशी बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

परदेशातून येऊन शिकवण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. इंग्लंडचे क्लॉड बॅटली १९१३ मध्ये मुंबईला आले आणि १९४३ पर्यंत जे. जे. मध्ये त्यांनी वास्तुकलेच्या पिढ्या घडवल्या. इंग्रजी नमुने गिरवू नका, इथल्या जुन्या इमारती मोजा आणि काढा, असा त्यांचा आग्रह असे. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे त्यांचे विद्यार्थी. तेही पुढे हार्वर्डला गेले आणि परत येऊन त्यांनी देशभर शिक्षणसंस्थांच्या इमारती बांधल्या.

दोशी २०२३ च्या जानेवारीत गेले. उब्रेरी २०२४ च्या मार्चमध्ये गेले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुण्यात बेनिंजर.

इमारत मोजून तिचं रेखाटन करणं हा वास्तुकला महाविद्यालयांतला आजही पहिला धडा असतो. पेठेतल्या उरलेल्या वाड्यांमध्ये त्यासाठी मुलं येतात. एकजण ओसरीच्या खांबाला टेप लावून धरतो, दुसरी चौक ओलांडून ती पलीकडच्या जोत्यापर्यंत ताणत नेते आणि आकडा मोठ्याने वाचते. तिसऱ्याच्या वहीत तो लिहिला जातो. मग टेप सैल करून तिघं देवडीकडे वळतात, तिथल्या अंधाराची रुंदी मोजायला.