चौकट : सीमेवरच्या डब्यात काय घालावं?
घरून जवानासाठी निघालेल्या पार्सलवर त्याच्या ठिकाणाचं नाव नसतं; क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’ (पूर्वेकडे ‘९९ एपीओ’; एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच पत्ता. पुढची वाट लष्करी टपाल सेवेच्या हाती आणि हवामानाच्या मर्जीवर. म्हणून पहिली कसोटी टिकण्याची. ओल्या नारळाच्या करंज्या आंबतात, चकलीचा चुरा होतो. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी तग धरतात. उंचीवर हवेचा दाब घटून पिशव्या फुगतात, तेव्हा हवा काढूनच सील करा. अत्तर, काडेपेटी नको. ज्वलनशील वस्तूंना टपालात बंदी आहे. ‘सैन्य सगळं पुरवतं, मग कशाला?’ हा आक्षेप अर्धाच खरा. शिध्यानं पोट भरतं, घरची चव त्यात नसते. उरल्या जागेत पत्र ठेवा. नेटवर्क नसलं तरी ते वाचता येतं.