सोलाणे निवडावे हात पाहून

नव्या संसाराची मांडामांड सुरू झाली, की कुकर किती लिटरचा घ्यावा यावर दोन्हीकडची मंडळी चर्चा करतात. मिक्सर कोणता, यावर तर मतभेदही होतात. सोलाण्याविषयी मात्र कुणी चकार शब्द काढीत नाही. ते कधी एखाद्या वस्तूबरोबर फुकट आलेले असते, कधी मंगळ बाजारात बांगड्या घेता घेता हातगाडीवरून सहज उचललेले असते. आणि मग बोथट असो वा वाकडे, पुढली कैक वर्षे रोज दोन वेळा तेच हातात येते. ज्या हत्याराशी घरातल्या हाताचा इतका निकटचा संबंध, त्याची निवड अशी वाऱ्यावर सोडावी, हे नवलच म्हणायचे.

नावापासूनच त्याची आबाळ आहे. कुणी सोलाणे म्हणतात, कुणी सालकाढणे, आणि नव्या सुनांचा तो सरळ ‘पीलर’. विळी, खवणी, किसणी, रवी यांची नावे कशी पिढ्यान् पिढ्या पक्की आहेत! सोलाण्याला तसे भाग्य लाभले नाही, कारण पणजीच्या स्वयंपाकघरात त्याला जागाच नव्हती. ते ओट्याबरोबर आलेले पाहुणे आहे. पण पाहुणे आता कायमचे राहिले आहे, तेव्हा त्याची नीट विचारपूस करायला हरकत नाही.

शिंप आणि विळी

सोलाणे नव्हते तेव्हाही साल निघतच होती. चैत्र-वैशाखात मुरांबा, साखरांबा, छुंदा यांसाठी कैऱ्यांचा ढीग पडे, तेव्हा पुष्कळ घरांत शिंप बाहेर निघे. शिंप दगडावर घासून तिच्या फुगीर पाठीला एक भोक पाडायचे. त्या भोकाची कड धारदार होते. ती कैरीवरून ओढली, की पातळ साल भोकातून आत येते आणि गर जागच्या जागी राहतो. शिवाय कैरीच्या आंबटपणाने लोखंड काळे पडते आणि कैरीलाही डाग लागतो. शिंपेला ती भीती नाही. आजच्या सोलाण्याची सारी युक्ती या शिंपेत आहे. धार एका फटीत बसवायची, म्हणजे हाताने कितीही जोर केला तरी ती फटीपेक्षा खोल जाऊ शकत नाही.

विळीचा न्याय निराळा. तेथे पाते स्थिर आणि भाजी फिरती. पाट पायाखाली दाबून धरला, की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि दुधीची साल लांबच लांब उतरत जाते. हे आपलेच वैशिष्ट्य आहे असे मात्र नाही. कोकणी घरातील आदोळी, कर्नाटकातील ईळिगेमणे, तमिळ घरातील अरिवाळमणै आणि बंगालची बोंटी ही सारी विळीचीच भावंडे. परंतु विळीला दोन गोष्टी लागतात: खाली मांडी घालून बसणारे गुडघे आणि बऱ्याच वर्षांचा सराव. किती जाड साल काढायची, हे तिथे पाते ठरवीत नाही, हात ठरवतो. सुगरणीची साल कागदासारखी निघे, आणि नवशिकीच्या सालीबरोबर निम्मा बटाटाही जाई.

पुढे वाड्यांची जागा सोसायट्यांनी घेतली, चुलीची शेगडी झाली, शेगडीचा गॅस झाला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. आपल्या बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. त्यात गृहविज्ञानाची शाखा निघाली आणि गृहव्यवस्थापन हा रीतसर अभ्यासाचा विषय झाला. घरातील बाईचे श्रम हा विचार करण्याजोगा विषय आहे, हे तेव्हापासून शहाण्यासुरत्या घरांत मान्य होऊ लागले. पण ओट्याशी उभे राहून विळी चालवता येत नाही. ती कपाटाखाली सरकली आणि सोलाणे हाती आले.

काटकसरी आणि अकरा ग्रॅमवाले

आज बाजारात मुख्यतः दोन घडणीची सोलाणी मिळतात, आणि दोन्हींना इतिहास आहे. पहिले सुरीसारखे सरळ. फ्रान्समधील तिएर हे गाव चाकू-सुऱ्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. तेथील व्हिक्टर पूझे या कारागिराने १९२०च्या दशकाच्या अखेरीस फटीचे पाते असलेली एक सुरी काढली आणि तिचे नाव ठेवले ‘एकोनोम’, म्हणजे काटकसरी. नाव अगदी सार्थ होते. बटाटा कमी वाया जावा, हाच तिचा उद्देश.

दुसरे गलोलीच्या बेचक्यासारखे. मूठ खाली आणि पाते वर आडवे. ही घडण स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड नेवेत्सेर्झाल यांच्या ‘रेक्स’ सोलाण्याने जगभर पोहोचवली. त्यांनी १९४७ साली त्याचे पेटंट घेतले. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून केलेली मूठ, मधे हलते पोलादी पाते आणि बाजूला बटाट्याचे डोळे काढायला एक छोटी कडी, एवढाच सारा संसार. वजन अवघे अकरा ग्रॅम. तिकडे या वस्तूचा इतका अभिमान, की २००४ साली स्विस टपालखात्याने तिचे तिकीट काढले. राजेमहाराजांची तिकिटे आपण पुष्कळ पाहिली. बटाटे सोलणाऱ्या हत्याराचे तिकीट काढणाऱ्या देशाचे कौतुक करावेसे वाटते.

दोहोंत चांगले कोणते? ज्याला सुरीची सवय आहे, त्याला सरळ सोलाणे लवकर जमते. गाजर, काकडी, दोडका अशा लांबट भाज्यांवर ते झरझर चालते. बेचक्याचे सोलाणे दाढी केल्यासारखे आपल्याकडे ओढायचे असते. मनगट फारसे वळत नाही, म्हणून बटाटे, पपई, दुधी, कैरी असे गोल किंवा मोठे काम पुष्कळ असेल, तर हात कमी दुखतो. दोन्हींत हलते पाते अधिक चांगले, कारण भाजीचा उंचसखलपणा ते आपोआप सांभाळते.

दुकानात काय पाहावे

सोलाणे हातात घेऊन हलके हलवावे. पाते आपल्या खिळीवर सहज डुलले पाहिजे. मात्र डावी-उजवीकडे खिळखिळे नको. मग ते उजेडाकडे धरून फट पाहावी. ती अरुंद आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असेल तर साल पातळ निघेल. एका बाजूला रुंदावली असेल तर तिथे गर जाईल. पाते मुठीत जिथे बसवले आहे तिथे खाचा असतील, तर त्यांत मळ साचतो. असले सोलाणे परत ठेवावे.

धार दोन्ही कडांना आहे ना, हेही पाहावे. पुष्कळ सरळ सोलाण्यांना एकाच बाजूला धार असते आणि ती उजव्या हाताच्या सोयीची असते. आपल्याकडे डावखुऱ्या मुलीला लहानपणापासून ‘उजव्या हाताने कर’ म्हणून दटावले जाई, आणि तिच्या हातून साल नीट निघाली नाही की तिला वेंधळी ठरवले जाई. दोष हत्याराचा, शिक्षा मुलीला! दोन्ही कडांना धार असलेले सोलाणे किंवा बेचक्याचे सोलाणे आणले, की हा प्रश्न मिटतो.

पोलादाचे म्हणाल, तर साध्या कार्बन पोलादाची धार तीक्ष्ण असते, पण ते गंजते. धुऊन लगेच पुसले पाहिजे. कैऱ्या फार सोलत असाल तर न गंजणारे स्टेनलेस बरे. दातेरी पात्याचे सोलाणे टोमॅटो, पीच अशा मऊ फळांसाठी असते. बटाट्यावर ते चालवले तर नांगरलेल्या शेतासारखा बटाटा हाती येतो.

भाजी भाजीचा धर्म

खंडेराव मार्केट १९०६ साली सयाजीराव महाराजांनी बांधले. तिथून आलेली थैली ओतली, की ध्यानात येते की प्रत्येक भाजीला सोलाणे लागतेच असे नाही. कोवळ्या काकडीची साल काढण्याचे कारण नाही. दोडक्याच्या फक्त शिरा काढायच्या, आणि त्या टाकायच्या नाहीत. थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे, मिरची आणि मीठ घालून त्यांची चटणी करायची. धारदार सोलाण्याने शिरा अशा नाजूक निघतात, की चटणीत तोंडाला चोथा लागत नाही. दुधीच्या सालीचीही अशीच चटणी होते. चांगल्या सोलाण्याची परीक्षा घ्यायची असेल, तर ती या चटणीत घ्यावी.

लाल भोपळा, सुरण, फणस ही सोलाण्याची कामे नव्हेत. तिथे अजून विळी किंवा जड सुरीच हवी. सुरणात आणि अळकुड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनीच हाताला खाज सुटते. म्हणून हाताला तेल लावून जाड साल काढावी आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल घालावे. बटाटा हिरवा झाला असेल तर पातळ सालीचा आग्रह धरू नये. त्या हिरव्या भागाजवळ सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये वाढलेली असतात. तो भाग आणि कोंब खोल कापून टाकावेत, आणि फारच हिरवा असेल तर सबंध बटाटाच टाकावा.

उंधियूच्या दिवसांत तर सोलाण्याचा कस लागतो. पुण्याहून नव्याने आलेल्या सुनेला भाजीवाल्याकडे ‘रताळू’ मागायला सांगावे आणि जांभळा कंद घरात आलेला पाहून ती चकित व्हावी, हे आपल्या घरांत नेहमीचेच! गुजरातीतले रताळू म्हणजे कंद. आपले रताळे इथे शक्करिया. शक्करियावर सोलाणे सुरेख चालते; कंदाची खरबरीत, ओबडधोबड साल मात्र सुरीनेच काढावी. हे ठाऊक नसले, की बिचाऱ्या सोलाण्याला नावे ठेवली जातात.

म्हाताऱ्या हाताची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरांतून विळी गेली, तेव्हा तिच्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे एक कामही गेले. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचे गुडघे खाली बसू देत नाहीत, ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही, आणि बोटांची पेरे सुजल्यामुळे पत्र्याची बारीक मूठ धरवत नाही. मग त्यांना ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो’ असे मायेनेच म्हटले जाते. त्या बसतातही, पण जिने पन्नास वर्षे घर जेवू घातले, तिला रिकामे बसणे हे सुख वाटत नाही.

अमेरिकेतील सॅम फार्बर या गृहस्थांच्या पत्नी बेट्सी यांना हातांच्या सांधेदुखीमुळे सोलाणे धरणे कठीण जाई. त्यावरून त्यांनी जाड, मऊ रबरी मुठीचे सोलाणे घडवून घेतले, आणि १९९० साली ‘ऑक्सो’ नावाने ते बाजारात आले. मुठीच्या दोन्ही बाजूंना पातळ रबरी पाकळ्या आहेत. अंगठा आणि बोट तिथे टेकतात, आणि ओला हातही घसरत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने या सोलाण्याला आपल्या संग्रहात स्थान दिले. गंमत अशी, की दुखऱ्या हातासाठी केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही आवडली.

त्याच कंपनीचे घ्यावे असे नाही. जाड मुठीची सोलाणी आज आपल्या भांडीबाजारातही मिळतात. मूठ हातात धरल्यावर बोटे घट्ट आवळावी लागू नयेत, एवढे पाहावे. घरात पातळ मुठीचेच असेल, तर तिच्यावर सुती कापडाची पट्टी किंवा सायकलच्या हँडलची रबरी नळी चढवली तरी काम भागते. मग पाठ असलेली खुर्ची, समोर हाताच्या उंचीचे टेबल, त्यावर ओले फडके आणि फडक्यावर पाट ठेवावा. बटाटा हातात धरून सोलण्याऐवजी पाटावर टेकवून सोलला, की बोटांवर भार येत नाही आणि कापण्याची भीतीही कमी. अर्ध्या तासात घरच्या सगळ्यांची भाजी सोलून होते. आजोबांनाही हे काम जमते, आणि त्यांनी ते का करू नये, याचे उत्तर आमच्याजवळ नाही.

सोलाणे बोथट झाले, की ते सालीवरून घसरू लागते; मग जोर वाढतो, आणि हात कापतो तो तेव्हाच. धार लावत बसण्यात अर्थ नाही, नवे आणावे. एका वेळच्या भाजीच्या खर्चात ते येते. दर घरात दोन असावीत, एक सरळ आणि एक बेचक्याचे, आणि विळीही मोडीत काढू नये. चोचवलेल्या काकडीची चव आणि खवलेला नारळ तिच्याच जवळ आहे.

आणि दुकानात जाताना घरात जो भाजी सोलतो त्याला बरोबर न्यावे. सासूबाई सोलत असतील तर सासूबाईंना न्यावे, त्यांच्या हातात चार-पाच नमुने द्यावेत, आणि त्या ज्याला ‘हे बरं आहे’ म्हणतील तेच घ्यावे. भाव मग विचारावा.