दोन विमानतळांमधील अंतर : एक भाषिक विचार

जालन्याच्या रहिवाशास ‘नांदेड किती लांब?’ असे विचारले, तर उत्तर पुष्कळदा किलोमीटरांत न येता ‘तीनचार तास लागतात’ असे येते. प्रश्न स्थलाचा, उत्तर कालाचे. हे उत्तर सदोष न मानता त्याची उपपत्ती लावणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल जालना जिल्ह्याच्या पश्चिमेकडील चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि आग्नेयेकडील नांदेड हे दोन विमानतळ घेऊ. अक्षांश-रेखांशांवरून गणित केल्यास त्यांमधील सरळ अंतर सुमारे २१५ किलोमीटर भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानास ते २६ मिनिटांचे होय. ताशी ५० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस, रस्ता अगदी सरळ असता तरी, सव्वाचार तासांहून अधिक लागतील. आणि रस्ता तर सरळ नाही. उलटपक्षी, विमानाच्या २६ मिनिटांत तळापर्यंतचा प्रवास, तपासणी व प्रतीक्षा धरलेली नाही. जालन्याहून निघणाऱ्यास चिकलठाणा गाठण्यासाठीच सुमारे ५० किलोमीटर जावे लागते. तात्पर्य, अंतर एक असले तरी काल अनेक आहेत.

मराठीच्या जुन्या शब्दसंग्रहात ही अनेकता आढळते. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’पासून आला, त्याच्या मुळाशी ओरडणे या अर्थाचा ‘क्रुश्’ धातू आहे. हाक जेथवर पोहोचते तेथवरची भूमी, ही त्यामागील मूळ कल्पना. ‘मजल’ हा शब्द अरबीतून आला. प्रवासी जेथे उतरतो ती जागा, आणि त्यावरून एका दिवसाची वाटचाल, असा त्याचा अर्थ. म्हणजे कोस कानाने मोजला, मजल दिवसाने. ‘विमानतळ’ या अर्वाचीन शब्दातील ‘तळ’ही मुक्कामाचाच स्मारक आहे. १९५६ च्या कायद्यानंतर रूढ झालेला किलोमीटर मात्र प्रवाशाच्या देहापासून आणि वाहनापासून सर्वस्वी अलिप्त आहे.

व्याकरणाची साक्षही अशीच आहे. ‘बदनापूर वीस किलोमीटरांवर आहे’ आणि ‘नांदेड चार तासांवर आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘वर’ हे एकच शब्दयोगी अव्यय येते. तथापि, दुसऱ्या वाक्यात एक घटक अध्याहृत राहतो, तो म्हणजे वाहन. बोलणाऱ्याच्या मनात आगगाडी आणि ऐकणाऱ्याच्या मनात एस. टी. असेल, तर वाक्य शुद्ध असूनही अर्थबोध चुकतो.

क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण आपण वारंवार उद्धृत करतो; परंतु बोली बदलते ती संपर्काच्या अभावाने, केवळ लांबीने नव्हे. नकाशावर समान अंतरावर असलेल्या दोन गावांपैकी एक लोहमार्गावर आणि दुसरे आडवाटेला असेल, तर त्यांचे बाजार, सोयरिकी आणि पर्यायाने त्यांची बोली भिन्न असण्याचा संभव आहे. परतूर, मंठा किंवा भोकरदन तालुक्यातून सामग्री गोळा करताना केवळ सरळ रेषेतील अंतर नोंदविल्यास हे कारणच नजरेआड होईल. यास्तव प्रत्येक गावाच्या नोंदीत किलोमीटर, लागणारा वेळ आणि वाहन अशी तीन स्वतंत्र परिमाणे असावीत. निवेदकाने ‘चार तास’ म्हटल्यास त्याचे किलोमीटर करू नयेत, ‘कशाने?’ एवढेच विचारावे.