छोटा स्पीकर आणि माणसाचा आवाज

मंडळी, छोटे स्पीकर घ्यायला गेलात की दुकानदार आधी धडाड्‌धूम वाजणारं काहीतरी लावतो. त्याला म्हणावं, बाबा, नुसतं बोलणं ऐकव. सिंथेसायझरचा ‘खरा’ आवाज कुणाला ठाऊक? माणूस कसा बोलतो हे मात्र कान लहानपणापासून जाणतो. १९७०च्या दशकात बीबीसीने बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा स्पीकर घडवला. पेटी जेमतेम फूटभर उंच. एवढ्याशा पेटीत खोल खर्ज आणि दणदणीत आवाज मागणं म्हणजे हट्टच. त्यांनी दोन्हींवर पाणी सोडलं, बोलणं राखलं. भिंतीला टेकवलात तर खर्ज वाढतो खरा, पण तो भिंतीचा! मग निवेदक रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. म्हणून घरी आणल्यावर आधी पेटी हातभर पुढे ओढा, मग ऐका.